पेल्यातलं गोकर्ण

पुण्यात गोकर्णाचा वेल शोधत हिंडावं लागत नाही. कोथरूड, सहकारनगर, औंधमधल्या बंगल्यांच्या तारेच्या कुंपणांवर, सोसायट्यांच्या पार्किंगमागच्या जाळ्यांवर, पेठांत उरलेल्या वाड्यांच्या गच्च्यांमधल्या कुंड्यांत तो पावसाबरोबर उठतो आणि दसऱ्यापर्यंत भरभरून फुलत राहतो. सकाळी ही फुलं तोडली जातात ती देवासाठी. महादेवाला निळं फूल वाहायचं असतं, शनिवारी शनीला वाहायचं असतं. हेच फूल गरम पाण्यात टाकलं तर पाणी पाच मिनिटांत गर्द निळं होतं. त्यात लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं होतं. थायलंडमध्ये गोकर्णाचं हे पेय जुनं आहे, मलेशियात याच फुलांच्या पाण्याने भात रंगवतात. आपल्याकडे मात्र वेल दारात असून ते फूल स्वयंपाकघरात आलं अलीकडेच, कॅफेंमधल्या रंगीत पेल्यांमुळे.

घरी हे सरबत करून पाहिलेल्या अनेकांचा उत्साह पहिल्या घोटाला ओसरतो. रंग इतका सुंदर, मग चव साध्या लिंबूपाण्याचीच कशी? कारण गोकर्णाला रंग आहे, पण वास जवळजवळ नाही, चवही नाही. फुलांचं सरबत चांगलं जमायचं असेल तर एकाच फुलाकडून सगळं मागू नये. रंगासाठी एक फूल घ्यावं, वासासाठी दुसरं. या दोघांना एकच पाणीही चालत नाही, एकाला गरम लागतं आणि दुसऱ्याला थंड. एवढं सांभाळलं तर बाकी सगळं लिंबू करतं.

आधी रंगाचं पाहू. गोकर्ण, जास्वंद, लाल गुलाब, जांभूळ, कोकम, डाळिंब, लाल कोबी या सगळ्यांचा रंग अँथोसायनिन नावाच्या एकाच कुळातला आहे. ही रंगद्रव्यं पाण्यात विरघळतात आणि पाणी आंबट आहे की नाही यावर त्यांचा रंग ठरतो. आंबट पाण्यात हायड्रोजनचे धनभारित कण भरपूर असतात. रंगद्रव्याच्या रेणूला तो कण चिकटला की रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि रेणू प्रकाशातला वेगळा भाग शोषू लागतो. त्यामुळे आपल्याला लालसर रंग दिसतो. आंबटपणा कमी झाला की कण सुटतो आणि रंग जांभळ्याकडे, निळ्याकडे सरकतो. पाण्यात खायचा सोडा टाकला तर हिरवट छटा येते आणि पुढे रेणूच मोडून पिवळट पाणी उरतं. जास्वंदीच्या पाकळ्यांचा हा गुण बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांनी महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत पोचवला आहे. आम्ल आणि आम्लारी ओळखणारे नैसर्गिक दर्शक म्हणून हळदीबरोबर तिचं नाव येतंच.

या शोधाची सुरुवातही एका सरबताच्या पाकातूनच झाली, हे मला फार आवडतं. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाचं रंगांवरचं पुस्तक १६६४ मध्ये निघालं. व्हायोलेट फुलांचा पाक त्या काळी औषधवाल्यांकडे सहज मिळे. बॉइलने त्यात आम्ल घातलं तर तो लाल झाला, आम्लारी घातलं तर हिरवा. मग त्याने हीच गोष्ट परीक्षा म्हणून वापरली. एखादा पदार्थ आम्ल आहे का हे ठरवायला फुलांचा पाक. पुढे जर्मनीत रिचर्ड विलस्टेटर यांनी दाखवून दिलं की निळ्या कॉर्नफ्लॉवरमध्ये आणि लाल गुलाबात रंगद्रव्य एकच आहे. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्यांना १९१५ चं नोबेल मिळालं. त्यानंतर इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॉबिन्सन यांनी अँथोसायनिनं प्रयोगशाळेत तयार करून दाखवली, आणि पत्नी गर्ट्रूड यांच्यासह असंख्य फुलांच्या रंगांची पाहणी केली.

इथून धागा थेट पुण्यात, पाषाण रस्त्यावर येतो. मँचेस्टरला रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांत कृष्णस्वामी वेंकटरामन होते. १९३० च्या दशकात त्यांनी फ्लेवोन तयार करण्याची जी रीत शोधली ती आज जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत बेकर-वेंकटरामन पुनर्रचना या नावाने शिकवतात. फ्लेवोन म्हणजे अँथोसायनिनचे फिकट पिवळे भाऊबंद. पाकळ्यांत ते अँथोसायनिनच्या शेजारीच असतात आणि त्यांच्या सोबतीने निळे-जांभळे रंग अधिक गडद दिसतात. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झालं. १९५७ मध्ये वेंकटरामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचे त्यांचे ग्रंथ या विषयाचा आधार मानले जातात. पुणेकराने घरी गोकर्णावर लिंबू पिळावं तेव्हा या शहराचं रंगांशी असलेलं हे नातं त्याला ठाऊक असावं असं मला वाटतं.

आता गोकर्ण आणि जास्वंद यांतला फरक. सरबत करणाऱ्याला तो उपयोगाचा आहे. गोकर्णातल्या अँथोसायनिनांना टर्नेटिन म्हणतात. कार्ल लिनियसने १७५३ मध्ये या वेलाला जे शास्त्रीय नाव दिलं त्यात इंडोनेशियातल्या टर्नेट बेटाचा उल्लेख आहे, तोच या रंगद्रव्याच्या नावात उतरला. टर्नेटिनच्या मधल्या गाभ्याला शर्करा आणि कुमॅरिक आम्लाचे लांब हात जोडलेले असतात. ते हात दुमडून गाभ्यावर छत्रीसारखे येतात आणि पाण्याच्या रेणूंना गाभ्यावर हल्ला करू देत नाहीत. म्हणून गोकर्णाचं पाणी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस निळं राहतं. जास्वंदीच्या रंगद्रव्याला हे संरक्षण नाही. साध्या पाण्यात पाण्याचाच रेणू त्याला चिकटतो आणि रंग निघून जातो. त्यामुळे जास्वंदीचं पाणी गाळल्यावर मळकट, फिकट जांभळं दिसतं, आणि नवखा माणूस ते ओतून द्यायला निघतो. ओतू नये. लिंबू पडलं की त्यातला हरवलेला रंग परततो आणि माणकासारखा लाल होतो. मला विचाराल तर गोकर्णापेक्षा हा बदल जास्त थक्क करणारा आहे.

गोकर्णाबाबत एक अपेक्षा मात्र आधीच दुरुस्त करून ठेवावी. चित्रांत दिसतो तसा भडक गुलाबी रंग त्यातून सहसा येत नाही. लिंबूसरबताचा आंबटपणा सामूत, म्हणजे पीएचमध्ये, मोजला तर साधारण अडीच ते तीनच्या आसपास असतो आणि त्या पातळीला गोकर्ण जांभळं, फार तर किरमिजीकडे झुकलेलं होतं. लाल व्हायला त्याहून बरंच आंबट पाणी लागतं आणि ते पिववणार नाही. गुलाबीच हवं असेल तर देशी गुलाबाची वाट धरावी. त्याच्या गडद पाकळ्या साखरेबरोबर हाताने चुरून रात्रभर झाकून ठेवायच्या. साखर पाकळ्यांतलं पाणी ओढून घेते, त्याबरोबर रंग आणि वासही उतरतो. सकाळी त्यावर लिंबाचा रस घालून गाळलं की पाक स्वच्छ गुलाबी होतो. पाकळीच्या देठाकडचा पांढरा भाग कडवट असतो, तेवढा आधी कापून टाकावा.

पाण्याकडेही लक्ष हवं. खडकवासल्याहून येणारं महापालिकेचं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस. त्यात क्षार कमी असतात आणि फुलांचे रंग त्यात खुलून दिसतात. उपनगरांतल्या अनेक सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर आहेत. दख्खनच्या काळ्या दगडातून आलेलं हे पाणी बहुधा जड असतं आणि क्षारांमुळे किंचित आम्लारीधर्मी. त्यात जास्वंद करड्या-जांभळ्या रंगाची होते आणि लिंबूही थोडं जास्त लागतं, कारण त्यातलं काही आम्ल क्षारांशीच खर्ची पडतं. अशा घरी पिण्याचं गाळलेलं पाणीच वापरावं. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. लोखंड आणि ॲल्युमिनियम अँथोसायनिनशी जोडी जमवून रंग काळपट करतात, आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत लिंबू घालायचं नाही हे घरात कोणी तरी सांगितलेलं असतंच.

वासासाठी पुण्याच्या उन्हाळ्यात मोगऱ्याशिवाय दुसरं नाव सुचत नाही. माठात वाळ्याची जुडी आणि मोगऱ्याची चार फुलं टाकण्याची रीत आपल्या घरांत आहेच, सरबताला तीच वापरायची. मोगऱ्याची कळी तोडल्यानंतरही जिवंत असते. संध्याकाळी ती उमलते आणि रात्रभर नवा सुगंध तयार करत राहते. म्हणून संध्याकाळी उमलू लागलेल्या आठ-दहा कळ्या देठ काढून, धुऊन अर्धा लिटर थंड पाण्यावर तरंगत ठेवाव्यात, वर झाकण घालावं आणि पहाटे काढून टाकाव्यात. उकळत्या पाण्यात मोगरा घातला तर मागे शिजलेल्या पाल्याचा वास उरतो. काही लोक सुगंध कमी पडेल म्हणून फुलं दुसऱ्या दिवसभर पाण्यातच ठेवतात, तेही नको. कोमेजलेलं फूल पाण्याला कडवटपणा देतं.

आता जे सांगतो ते कृतीपेक्षाही महत्त्वाचं. पुण्यात घरोघरी सकाळी दारात अडकवलेली फुलपुडी येते. मंडईत आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फुलांचे ढीग लागतात. यातलं एकही फूल सरबतात घालू नये. ही फुलं देवासाठी, हारांसाठी, सजावटीसाठी पिकवलेली असतात. त्यांच्यावर कीटकनाशकं फवारताना कोणी ती खाणार आहे असा विचार केलेला नसतो. तळेगावच्या पुष्पोद्यानातल्या हरितगृहांमधून फेब्रुवारीत परदेशी जाणारे लांब दांड्याचे गुलाबही फुलदाणीसाठीच आहेत. शिवाय देवाच्या तबकात गोकर्णाशेजारीच कण्हेर असते. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, या दोन्हींचं पान, फूल, बी सगळं विषारी आहे आणि त्यांचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. आपल्या रस्त्यांच्या दुभाजकांवर कण्हेरीच्या रांगाच्या रांगा आहेत. मुलांना हे सरबत शिकवताना पहिला धडा फूल ओळखण्याचा द्यावा: देवाला चालतं ते सगळं पोटाला चालत नाही.

गोकर्णाचीही पाकळीच घ्यायची. त्याच्या बिया आणि मूळ आयुर्वेदात रेचक म्हणून सांगितली आहेत, ती पेयात जाता कामा नयेत. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२१ मध्ये गोकर्णाच्या फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून परवानगी दिली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र वाळलेल्या फुलांवर आक्षेप नोंदवला, कारण या वनस्पतीतल्या काही प्रथिनसदृश घटकांबद्दल तिला पुरेशी खात्री वाटली नाही. म्हणून माझं मत असं की पाहुण्यांसाठी, सणासाठी, मुलांच्या सुट्टीत हे सरबत जरूर करावं, पण रोज तांब्या-तांब्याने पिऊ नये. गरोदर स्त्रियांनी गोकर्ण आणि जास्वंद दोन्ही टाळावं हे बरं.

चार पेल्यांसाठी प्रमाण असं. गोकर्णाची पंचवीस-तीस ताजी फुलं घ्यावीत, दुहेरी पाकळ्यांची असतील तर पंधरा पुरतात. मागचा हिरवा भाग काढून टाकावा, नाही तर पाण्याला पाल्याची चव येते. अडीचशे मिलिलिटर पाणी तळाशी बुडबुडे दिसेपर्यंत तापवून गॅस बंद करावा, पाकळ्या घालून पाच ते सात मिनिटं झाकून ठेवावं, मग गाळून पूर्ण थंड करावं. खळखळा उकळायची गरज नाही. जास्वंदीला तर उकळूच नये, तिच्या पाकळ्यांतला चिकट द्रव सुटून पाणी बुळबुळीत होतं. तिची सहा-सात लाल फुलं घ्यावीत, मधला तुरा आणि हिरवा भाग काढावा, वरून गरम पाणी ओतून तीनच मिनिटांत गाळावं. दुसरीकडे दोनशे ग्रॅम साखर आणि दोनशे मिलिलिटर पाणी एक उकळी काढून पाक करून ठेवावा. गुळाचा आग्रह या सरबतापुरता सोडावा. गूळ करताना रसात चुना घालतात, आणि गुळाचा स्वतःचा तपकिरी रंगही असतोच, निळं पाणी त्यात गढूळ दिसतं. जिरेपूड आणि काळं मीठही नको. काळ्या मिठाचा गंधकी वास मोगऱ्याला जगू देत नाही. साधं मीठ मात्र चिमूटभर हवंच, त्याने कडवटपणा दबतो आणि गोडी उठते.

लिंबू पातळ सालीचं, हाताला जड लागणारं कागदी लिंबू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं साई सरबती हे वाण याच कामाचं. पिळताना साल आणि बिया चिरडू नयेत. बियांसकट मिक्सरमधून फिरवलेला रस लगेच चांगला लागतो आणि थोड्या वेळाने कडू होतो. सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं, आंबट रसात त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं आणि तेच कडू असतं.

रंगाचे थर हवे असतील तर क्रम पाळावा. पेल्यात आधी तीन मोठे चमचे पाक आणि एका लिंबाचा रस एकत्र ढवळावा, चिमूटभर मीठ घालावं. मग पेला बर्फाने भरावा, अर्धा पेला मोगऱ्याचं पाणी ओतावं. शेवटी चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून निळं पाणी अगदी हळू सोडावं. साखरेने जड झालेला रस तळाशी राहतो, बिनसाखरेचं निळं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, आणि दोघं भेटतात तिथे जांभळी पट्टी उठते. ढवळायचं काम पिणाऱ्यावर सोपवावं, मुलांना तर तेच हवं असतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीबरोबर पन्ह्याच्या जोडीला हे ठेवता येतं. तेव्हा पंचवीस पेल्यांचे थर लावत बसायला सवड नसते. त्यासाठी गोकर्णाच्या पाण्याचाच बर्फ करून ठेवावा. साध्या लिंबूसरबतात दोन निळे खडे टाकले की ते वितळतील तसतसा रंग उतरत जातो.

पण चैत्रात गोकर्ण कुठून आणायचं, हाच खरा प्रश्न आहे. या वेलाचा बहर पावसाळ्यातला. आणि लिंबाचंही तसंच. लिंबाच्या झाडाला वर्षात तीन बहर येतात. जानेवारी-फेब्रुवारीतल्या आंबे बहराची फळं पावसाळ्यात येतात आणि ती भरपूर असतात. उन्हाळ्यात लिंबू हवं असेल तर हस्त बहर धरावा लागतो, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाड फुलवावं लागतं. त्यासाठी आधी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि नेमका तेव्हाच पाऊस पडत असतो. त्यामुळे हा बहर अनेकदा साधत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या बागांतून कितीही माल पुण्यात आला तरी एप्रिलमध्ये लिंबाचा भाव का चढतो, याचं उत्तर मागल्या भाद्रपदातल्या पावसात असतं. म्हणजे रंग आणि आंबटपणा दोन्ही श्रावणात उदंड, आणि तहान वैशाखात.

म्हणून या सरबताची तयारी आदल्या पावसाळ्यात सुरू होते. गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून जूनमध्ये दहा-बारा इंची कुंडीत लावावं, चढायला दोरी द्यावी, ऊन भरपूर मिळू द्यावं. हा वेल कडधान्यांच्या कुळातला. मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र त्याला मिळवून देतात, त्यामुळे खताचे लाड लागत नाहीत. दीड-दोन महिन्यांत फुलं सुरू होतात. शेंगा धरू लागल्या की खुडाव्यात, म्हणजे फुलं येत राहतात. सकाळी खुडलेली फुलं हिरवा भाग काढून सावलीत, पंख्याखाली, सुती कापडावर पसरावीत. पुण्याच्या श्रावणातल्या दमट हवेत एका दिवसात ती वाळत नाहीत आणि बुरशी धरते, तेव्हा ढग असतील त्या दिवशी ओव्हन अगदी मंद करून, दार किंचित उघडं ठेवून वाळवावीत. चुरचुरीत झाली की घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून अंधाऱ्या कपाटात ठेवावीत, कारण उजेडाने रंग उडतो. लिंबाचा रस त्याच दिवसांत, भाव उतरलेला असताना काढून बर्फाच्या साच्यात गोठवावा. निळं पाणी आणि रस एकत्र करून मात्र कधीच साठवू नये. लिंबातलं क जीवनसत्त्व अँथोसायनिनचा नाश लवकर घडवून आणतं, आणि फ्रिजमध्ये ठेवलेलं सुंदर जांभळं सरबत काही दिवसांत फिकट तपकिरी होऊन बसतं. फुलं बरणीत, रस साच्यात, आणि दोघांची गाठ पेल्यात, पाहुण्यांच्या समोर.